वाणात गेलेल्या ताटल्या

एकदा दिलेलं वाण कोणी परत मागत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाया एकमेकींना काहीबाही वस्तू देतात. दिली की ती घेणारीची झाली, विषय संपला. माझ्या आईने वाणात दिलेली चाळणी शेजारणीच्या घरी भोकं मोठी होईपर्यंत वापरात होती. आईने कधी तिच्याकडे वळून बघितलं नाही. आणि मी, सत्तरी ओलांडलेला पुरुष, ज्याने हळदीकुंकवाच्या खोलीत पाऊलही टाकू नये, तो न्यूझीलंडात बायकांच्या दारात उभा राहून म्हणत होतो, वाण परत द्या.

ते का, ते सांगतो. चांगलं दिसावं म्हणून काही लपवत नाही. चांगलं दिसण्याचं वय गेलं.

मी चौथीपर्यंत शिकलो, आमची ही सातवीपर्यंत. पिंपरीला कारखान्यात मी फिटर होतो. मुलगा शिकला, फार्मासिस्ट झाला, ऑकलंडला आला, फ्लॅट बुश नावाच्या भागात घर घेतलं. दोघंही नोकरीला जायचे आणि घरात लहान पोर, म्हणून आम्हा दोघांना बोलावून घेतलं. मोठं घर, नवी वस्ती, सगळी घरं एका साच्यातून काढलेली. पहिल्या महिन्यात मी चालायला गेलो आणि दुसऱ्याच्या दाराला किल्ली लावत बसलो.

रविवारी मुलगा आम्हाला अवोन्डेलच्या बाजाराला न्यायचा. तिथे कोथिंबीर, मेथी, भेंडी मिळायची. मी भाजीकडे जायचो, ही जुन्या सामानाच्या रांगेत घुसायची. तिथे पांढऱ्या व्हॅनमागे सतरंजी टाकून एक जाडी गोरी बाई बसायची. तिच्याकडे हिला पहिली ताटली दिसली. चिनी मातीची, काठाला सोनेरी नक्षी.

"अहो, ही बघा."

"घरात ताटल्या कमी पडल्या?"

"ही जेवायची नाही. ती बाई खुणेने सांगतेय, यात खायचं नाही म्हणून."

"मग काय डोक्यावर घेऊन नाचायचं?"

"बघायची असते हो."

"बघून पोट भरतं का?"

ती गोरी बाई खो खो हसली. मराठी तिला काय कळणार, पण नवरा-बायको काय बोलत असतील ते कुठल्याही मुलखात कळतं. ताटली घरी आली. मुलाने पाठीवरची अक्षरं बघून सांगितलं, रशियातली आहे, तिकडच्या परीकथांचं चित्र आहे, असे संच काढतात आणि लोक ते जमवून भिंतीवर लावतात. झालं. हिने जमवायला सुरुवात केली. त्या व्हॅनवाल्या बाईने हिच्यासाठी ताटल्या बाजूला ठेवायला सुरुवात केली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी त्या उभ्या राहून बराच वेळ बोलायच्या. काय बोलायच्या देव जाणे. सगळ्या मिळून आठ ताटल्या झाल्या.

लावायचं काम माझं. इथल्या भिंती विटांच्या नसतात. आतून लाकडी चौकट, वरून चुन्याच्या भुकटीचा पत्रा. बोटाने टकटक करत जायचं, आवाज भरीव आला की तिथे मागे लाकूड आहे, तिथेच खिळा मारायचा. पोकळ जागी मारला तर ताटली खाली. हिला एक ताटली खिडकीजवळ हवी होती, सकाळचं ऊन पडतं तिथे. मी टकटक करून बघितलं, पोकळ. "तिथे नाही होणार," म्हणालो आणि लाकूड होतं तिथे लावून टाकली. तिने एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, मग सोडून दिलं.

अडकवण्या मी स्वतः केल्या. तार वाकवून तीन बोटं काढायची, काठाला धरतील अशी. सोनेरी रंग खरवडू नये म्हणून तारेच्या टोकांना विजेच्या वायरवरचं प्लास्टिक चढवायचं. काम चोख होतं, मला त्याचा अभिमान होता. प्रत्येक ताटली मी मांडीवर पालथी घेऊन बसायचो. कुठल्या ताटलीच्या बुडाच्या कड्याला कपची उडाली आहे, कुणाचा शिक्का फिका आहे, कुठली भट्टीत जरा वाकडी निघाली आहे, हे मला आजही पाठ आहे.

"अहो, चित्र बघा तरी."

"सरळ बसली का ते सांग."

"बसली. पण बघा ना."

"बघितलं."

बघितलं नव्हतं. दरवेळी ती हेच म्हणायची आणि दरवेळी मी हेच म्हणायचो.

त्या ताटल्या आमच्या झोपायच्या खोलीत, पलंगासमोरच्या भिंतीवर होत्या. नात शाळेतून आली की ही तिला घेऊन त्या भिंतीपुढे बसायची आणि गोष्ट सांगायची. रशियातल्या गोष्टी हिला कुठून येणार? चित्र बघायची आणि मनानेच रचायची. मी गॅरेजमध्ये काहीतरी खटपट करत असायचो. भिंतीपलीकडून आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. नातीला मराठी कळतं पण ती इंग्रजीत उत्तर देते, इथली सगळी पोरं तशीच. मला तिचं इंग्रजी झेपत नाही. म्हणून आमचं दोघांचं बोलणं म्हणजे "ये", "जेव", "टीव्ही लहान कर" एवढंच.

मग ही आजारी पडली. पोटात दुखतंय म्हणाली, मी म्हणालो ओवा खा. ओव्याने जाणारं दुखणं नव्हतं ते. हॉस्पिटलात एक नर्स आपल्याकडची होती, साताऱ्याकडची. तिने हिचं सगळं केलं, पोटच्या पोरीसारखं. आणि एका थंडीत ही गेली.

त्यानंतर ती भिंत मला बघवेना. पलंगावर पडलं की समोर तीच. मी भिंतीकडे पाठ करून झोपायला लागलो. नात शाळेतून आल्यावर अजूनही खोलीत यायची, भिंतीपुढे उभी राहून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायची. मी विचारायचो, "काय पाहिजे?" ती म्हणायची, "नथिंग," आणि निघून जायची. पुढे पुढे मी दार लोटून घ्यायला लागलो.

वर्षश्राद्ध झालं आणि त्यानंतरची पहिली संक्रांत आली. इथे तेव्हा भर उन्हाळा, शाळांना सुट्टी. सुनेने शनिवारी दुपारी हळदीकुंकू ठरवलं. वाणाला प्लास्टिकचे डबे आणून ठेवले होते. मी तिला म्हणालो, "त्या ताटल्या दे वाणात."

"बाबा, त्या आईंच्या आहेत."

"म्हणूनच. ती सवाष्ण गेली. तिची वस्तू सवाष्णींच्या हातात पडली की तिला पोचते."

असा काही नियम आहे का, मला ठाऊक नाही. मी तो तिथल्या तिथे केला. माणसाला एखादी गोष्ट डोळ्यांपुढून काढायची असली की त्याला शास्त्र सुचतं.

"पोरीला विचारू का एकदा? ती जाते ना तुमच्या खोलीत..."

"पोरीला काय विचारायचं त्यात? तिला काय कळतंय?"

सून डबे आवरायला लागली. माझ्यापुढे ती फार बोलत नाही. तो माझा मोठेपणा नव्हे, तिचा आहे.

शनिवारी मी ताटल्या उतरवल्या, पुसल्या आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवल्या. मुलगा नातीला घेऊन समुद्रावर गेला होता. मी गॅरेजमध्ये बसलो. आतून उखाणे आणि हसणं ऐकू येत होतं. आठ जणींना ताटल्या मिळाल्या, बाकीच्यांना डबे. जिला डबा मिळाला ती ताटलीकडे बघत होती, असं नंतर सून म्हणाली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी नात आली. अंगावर पोहायचे ओले टॉग्ज, केसांत वाळू, पायांतल्या जॅन्डल्स फटफट वाजवत सरळ माझ्या खोलीत. मग तो फटफट आवाज थांबला. मी दारात गेलो. ती भिंतीपुढे उभी होती. भिंतीवर नुसत्या माझ्या तारेच्या अडकवण्या.

"मम! व्हेअर आर द गोष्टीज?"

ताटल्यांना ती गोष्टी म्हणायची, हे मला तेव्हा कळलं. सून धावत आली. तिच्या तोंडाकडे बघून पोरीला समजलं असावं. ती माझ्याकडे वळली आणि जन्मात पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलली.

"आजोबा, तू दिली?"

"हो."

"आजीला विचारलं?"

रडली असती तर मी गोळी-चॉकलेट काढलं असतं. ती रडली नाही. माझ्या बाजूने निघून गेली.

त्यानंतर जेवणाच्या टेबलावर मला मीठ हवं असलं तर पोर आईला म्हणायची, "मम, टेल आजोबा, हिअर इज द सॉल्ट." मीठ माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. सुनेने मला सांगितलं, "बाबा, ती रोज एका ताटलीपुढे उभी राहून आईंची गोष्ट स्वतःला सांगायची. विसरू नये म्हणून. तुम्ही दार लावायचात तेव्हा ती तुम्ही बाहेर फिरायला जाईपर्यंत वाट बघायची."

म्हणजे माझ्या घरात एक पोर माझ्या बायकोला जपत होती, आणि मी तिला विचारत होतो, काय पाहिजे.

मी मुलाला म्हणालो, "मी परत आणतो."

"बाबा, वाण परत मागतात का? सगळ्या ऑकलंडात बोंब होईल."

"होऊ दे."

"मी नाही येणार हां."

सून म्हणाली, "मी नेते. पण मी गाडीतच बसणार. दारात यायला सांगू नका."

पहिलं घर आमच्याच वस्तीत होतं. सून गाडीत मान खाली घालून बसली. दार उघडणारी पोरगी खूश झाली. "अय्या, काका! या ना, चहा टाकते."

"चहा नको. ताटली परत दे."

तिला आधी गंमत वाटली. मग माझ्याकडे बघून ती ओशाळली आणि तिच्याहून जास्त मी ओशाळलो. ती म्हणाली, "काका, खरं सांगू? मी तिच्यात भाजी ठेवून मायक्रोवेव्हमध्ये गरम केली. आत फटाके वाजले हो! मी किंचाळले, हे वरून पळत आले." सोनेरी काठ एका बाजूने काळा पडला होता. ताटली धुऊन तिने मला दिली, मग हातातून परत घेतली. "थांबा, रिकामी कशी देऊ?" आणि वर तिळाचे लाडू ठेवले.

हे माझ्या ध्यानात नव्हतं. भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आपली रीत. मी दिलेलं काढून घ्यायला गेलो होतो आणि लोक मला भरून देत होते. पुढे प्रत्येक दारात तेच. कुठे लाडू, कुठे केळी, एकीने घाईत बिस्किटांचा पुडाच ठेवला. गाडीत मागच्या सीटवर ताटल्या आणि त्यावर खाऊ, बारशाहून परतल्यासारखं.

एका घरी त्या मुलीची सासू सोफ्यावर बसली होती, पुण्याहून आलेली. ती म्हणाली, "काकांनी दिलं, काकांनीच नेलं. अगं, पुढच्या वर्षी आधीच विचारून घे हो, वाण किती दिवसांसाठी आहे ते."

मी ताटली घेऊन बाहेर पडलो. एरवी मी कोणाचं ऐकून घेणारा नाही.

गाडीत बसल्यावर सून म्हणाली, "बाबा, निदान आधी 'कशी आहेस' तरी म्हणा. वसुलीला आल्यासारखे उभे राहता."

"मग तू ये."

"येते," म्हणाली. मला वाटलं रागाने म्हणतेय. पण पुढच्या दारात ती खरंच उतरली.

ते दार माउंट रॉस्किलला, हॉस्पिटलातल्या त्या नर्सचं. भाड्याचं लहानसं घर. ती ड्यूटीला निघायच्या तयारीत होती, अंगावर युनिफॉर्म. खोलीत शिरलो आणि मला समोरच ताटली दिसली. बाकीच्यांनी कपाटात टाकल्या होत्या, हिने विकतचा स्टँड आणून देवांच्या फोटोशेजारी मांडली होती. सुनेने अडखळत विषय काढला. नर्स माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, मला वाटलं काकूंची आठवण म्हणून तुम्ही मुद्दाम मला दिलीत."

मुद्दाम कुठली. कोणाला कुठली गेली ते मला माहीतही नव्हतं.

"या ताटलीची गोष्ट मला काकूंनी सांगितलीय," ती म्हणाली. "मी त्यांना पुसून घ्यायचे ना सकाळी, तेव्हा सांगायच्या. लांडगा असतो, तो राजपुत्राचा घोडा खातो. मग त्यालाच लाज वाटते, आणि तो म्हणतो, बस माझ्या पाठीवर, आता मीच तुझा घोडा."

"मला नाही सांगितली कधी."

"तुम्ही तिथेच असायचात की, काका. खुर्चीवर. खिडकीकडे तोंड करून."

ती टोचून बोलली नाही. जे होतं ते बोलली. त्या वेळी मी म्हणायला पाहिजे होतं की पोरी, असू दे तुझ्याकडे, तुझा हक्क माझ्याहून मोठा. तोंडाशी आलं होतं. पण मला मीठ देणारी नात आठवली आणि मी हात पुढे केला. तिने ताटली फडक्याने पुसली, फ्रिज उघडून बघितला, काही नव्हतं. मग मागच्या दाराने गेली, झाडावरचे चार प्लम तोडून आणले आणि ताटलीवर ठेवून दिले. सून गाडीत बसून रडली. मी प्लम धरून बसलो. त्या पोरीच्या हातून मी माझ्या बायकोची आठवण काढून आणली. आजही बाजारात प्लम दिसले की मी दुसरीकडे बघतो.

आठवं घर राहिलं. तिने सरळ सांगितलं, "काका, ती मी पुढे दिली. माझ्या हळदीकुंकवाला वाण कमी पडलं." जिला दिली तिला फोन केला. तिने घर बदलताना जास्तीचं सामान एका माणसाला देऊन टाकलं होतं. तो अवोन्डेलला रविवारी विकायला बसतो, एवढंच तिला ठाऊक.

मग रविवारी अवोन्डेल. ही गेल्यापासून मी तिकडे फिरकलो नव्हतो. तोच गोंधळ, तेच कोथिंबिरीचे ढिगारे, ऊन चटके देणारं. त्या माणसाचा पत्ता नव्हता. पण पांढरी व्हॅन होती, आणि ती जाडी बाईही. तिने मला बघितलं, मग माझ्या मागे बघितलं, मग बाजूला. कोणाला शोधतेय ते मला कळलं.

"युअर वाइफ?"

"नो वाइफ," मी म्हणालो. "फिनिश."

दुसरा शब्द मला येत नव्हता. बायकोबद्दल असं बोलतात का? टाकी रिकामी झाल्यासारखं. त्या बाईने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तिचे डोळे भरले. माझे नाही भरले, मी सतरंजीकडे बघत होतो.

सुनेने तिला इंग्रजीत सगळं सांगितलं. बाईने व्हॅनमधून ताटल्यांची चळत काढली, शेजारच्या दोघा-तिघांनाही हाका मारून त्यांच्याकडच्या मागवल्या. मी खाली बसलो आणि एकेक ताटली पालथी करून बघायला लागलो. बाई हसली, म्हणाली, "नो, नो, अदर साइड!" आणि सुनेला काहीतरी विचारलं.

सून म्हणाली, "बाबा, त्या विचारतायत चित्र कसलं आहे. म्हणजे त्या लक्ष ठेवतील, इथे सामान फिरत असतं."

"बुडाच्या कड्याला कपची उडालीय. शिक्क्याच्या डाव्या अंगाला."

"चित्र, बाबा."

"शिक्का जरा तिरका..."

"बाबा, चित्र कसलं होतं?"

मी त्या सतरंजीवर बसून राहिलो. कुठली ताटली गेली ते मला पक्कं ठाऊक होतं. किती वजनाची, कुठे वाकडी, सगळं. पुढून तिच्यावर काय होतं ते मला सांगता येईना. वर्षानुवर्षं समोर होती. सुनेलाही नीट आठवेना, पण ती दिवसभर नोकरीवर असायची, तिला माफ आहे. ती गोरी बाई माझ्याकडे बघत होती. तिला कळलं असणार. ही तिच्याशी तासभर उभी राहून बोलायची, त्यातलं थोडं माझ्याबद्दलही असेल.

आता विचारणार कोणाला? घरात एकच माणूस होतं जे सांगू शकलं असतं, आणि ते माझ्याशी बोलत नव्हतं.

घरी येऊन मी सात ताटल्या लावल्या. लावताना या वेळी पुढून बघितल्या. काळी जमीन, त्यावर सोन्याच्या केसाएवढ्या रेघा. पिसाला आग लागलेला पक्षी. कोंबडीच्या पायांवर उभी झोपडी. बर्फात गुडघे टेकलेली पोर. राजपुत्राला पाठीवर घेऊन उडी मारणारा लांडगा, शेपूट ताठ. कुणीतरी एवढं बारीक काम केलं होतं. मी हातकाम करणारा माणूस, मला तरी ते दिसायला पाहिजे होतं.

नात दाराशी येऊन उभी राहिली. मी वळलो नाही.

"एक राहिली," मी म्हणालो. "मिळेल, पण तिच्यावर काय होतं ते मला माहीत नाही. बघितलं नव्हतं मी. तू सांगितलंस तर शोधता येईल."

मग ती आत आली, रिकाम्या अडकवणीखाली उभी राहिली आणि इंग्रजीत भराभर सुरू झाली.

"मला नाही कळत गं. हळू सांग. मराठीत सांग."

तिने मोठ्या माणसासारखा सुस्कारा टाकला. "ओके. एक म्हातारा होता. ही हॅड अ जाळं. समुद्रात टाकलं. सोन्याचा मासा आला. मासा बोलला, मला सोड, तुला काय पाहिजे ते देतो. म्हातारा बोलला, मला काही नको. सोडला मासा."

"चांगला होता म्हणायचा."

"नो, ऐक ना. मग तो घरी गेला. म्हातारीला सांगितलं. म्हातारी बोलली, तुम्हाला नको, पण मला काय पाहिजे ते विचारलं का? विचारायचं तरी."

मी तिच्याकडे वळलो.

"मग?"

"मग नथिंग. म्हातारा जेवून झोपला."

"आणि म्हातारीला काय पाहिजे होतं?"

"आय आस्क्ड. आजी बोलली, तो विचारेल ना, तेव्हा ती सांगेल." तिने अडकवणीची तार बोटाने हलवली. "इट्स यू, आजोबा. म्हातारा. आजी सेड."

"काय म्हणाली?"

"शी सेड, तो वाईट नाय. फक्त विचारत नाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू विचारलं?"

"नाही."

"नेव्हर?"

"नाही गं."

चाळीस-बेचाळीस वर्षांच्या संसारात मी कधी विचारलं नाही, हे मला नऊ वर्षांच्या पोरीपुढे कबूल करावं लागलं. ती पलंगाच्या कडेला बसली. शाळेतून आल्यावर हिच्याजवळ बसायची तिथेच. मग म्हणाली, "शी वॉन्टेड दॅट वन बाय द विन्डो. ते तरी मला माहीत आहे."

मलाही माहीत होतं. ती एक गोष्ट तिने न विचारता सांगितली होती, दोनदा, आणि मी पोकळ भिंत दाखवली होती.

काही अवघड नव्हतं. तेव्हाही नव्हतं. खिडकीच्या दोन्ही अंगांना लाकूड आहेच. एका लाकडापासून दुसऱ्यापर्यंत आडवी पट्टी ठोकली की मधे कुठेही खिळा बसतो. फिटरला हे सुचायला काय लागतं? विचार करायची इच्छा लागते. दुसऱ्या दिवशी मी गॅरेजमधून पट्टी कापून आणली, घासली, भिंतीच्या रंगात रंगवली आणि ठोकली. नातीने खिळे धरले. मधोमध नवी अडकवणी लावली, सकाळचं ऊन पडतं तिथे.

रविवारी आता नातही येते अवोन्डेलला. व्हॅनवाल्या बाईला मी स्वतः सांगितलं, हाताने जाळं फेकून दाखवलं, "ओल्ड मॅन, फिश, गोल्ड." ती मान हलवते, अजून नाही म्हणते. त्या नर्सची ताटली नातीला विचारून मी परत नेऊन दिली. लांडग्याची गोष्ट मला पाठ आहे, नात म्हणाली, ताटली नसली तरी चालेल. मी नर्सच्या दारात उभा राहून "ही तुझी" एवढंच म्हणालो. माफी मागायला गेलो होतो, ती काही मला मागता आली नाही. ताटली रिकामी न्यायची नाही म्हणून सुनेने वर लाडू ठेवले होते, तेवढंच.

म्हणजे आता भिंतीवर सहा आहेत. एक जागा लांडग्याची, ती मोकळीच राहील. दुसरी खिडकीजवळ.

पट्टी ठोकून झाली त्या दिवशी मी दोन पावलं मागे सरलो आणि सवयीने म्हणालो, "बघ गं, सरळ बसली का?"

नात खिडकीकडे बघत म्हणाली, "देअर्स नथिंग ऑन इट, आजोबा."